गंबो

लुइझियाना राज्यांत, मिसिसिपी नदीच्या मुखाकडील दलदलीच्या मुलखांत, कोळंबी, खेकडे व कालवें घालून जो तिखट, दाट रस्सा करितात त्यास 'गंबो' म्हणतात. आमच्या घरीं तो आतां महिन्यांतून एकदां तरी होतो.

कसोटी प्रारंभींच लागते. जितका मैदा तितकेंच तेल घ्यावें आणि मंद आंचेवर अखंड ढवळीत बसावें. पाऊण तास हात थांबवितां येत नाहीं. मैदा प्रथम बदामी, मग तांब्याच्या जुन्या नाण्यासारखा व शेवटीं चॉकोलेटच्या रंगाचा होतो. करपला तर सर्व टाकून द्यावें लागतें. तो कडवटपणा कोणत्याही मसाल्यानें झांकत नाहीं. गंमत अशी कीं, मैदा जों जों अधिक भाजावा तों तों रस्सा दाट करण्याची त्याची शक्ति कमी होते; वाढते ती केवळ चव. म्हणून दाटपणासाठीं भेंडी.

भेंडीच्या बुळबुळीतपणाशीं आपल्या सुगरणींनीं पिढ्यान्‌पिढ्या वैर धरलें आहे. ती पुसून कोरडी करावी, वर आमसूल टाकावें, हें आम्हांस लहानपणापासून ठाऊक. तेथें नेमका तोच गुण हवा असतो! 'गंबो' हें नांवच मुळीं भेंडीच्या आफ्रिकी नांवावरून पडलें असें मानतात. गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर तें तेथें पोंचलें. भेंडीच्या जागीं सॅसाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूडही घालतात; ही युक्ति तेथील मूळच्या चॉक्टॉ लोकांची.

हा रस्सा आपला म्हणणारे केजन लोक मूळचे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडियाचे फ्रेंच. सन १७५५ पासून इंग्रजांनीं त्यांस घरादारांतून हुसकून लाविलें; त्यांपैकीं कांहीं १७६५ च्या सुमारास लुइझियानांत येऊन वसले. पुढें १९२१ च्या राज्यघटनेनें तेथील शाळांतून शिक्षण इंग्रजींतच द्यावें असें ठरविलें, आणि फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा होऊं लागल्या. १९६८ सालीं त्याच राज्यानें फ्रेंच जगविण्यासाठीं मंडळ नेमिलें, तोंवर एक पिढी गप्प झाली होती. भाषा गेली तरी स्वयंपाक राहिला, असें कोणी समाधान मानतात. आम्हांस तें पटत नाहीं. आजीचा रस्सा नातवाला येतो, पण आजीशीं बोलतां येत नाहीं, ही कांहीं लहान तूट नव्हे. परदेशीं वाढलेलीं आमचीं भाचरें सुट्टींत येतात, सोलकढी मिटक्या मारीत पितात आणि आजीला इंग्रजींत उत्तर देतात. तेव्हां तर ती मुळींच लहान वाटत नाहीं.

असो. मैदा चॉकोलेटी झाला कीं त्यांत कांदा, ढोबळी मिरची व सेलरी लगेच टाकावी, म्हणजे त्याचें भाजणें थांबतें. मग कोळंबीचीं टरफलें उकळून काढलेलें पाणी, भेंडी, खेकडे, लसूण, तमालपत्र व लाल तिखट घालून तासभर रटरटूं द्यावें. सोललेली कोळंबी शेवटच्या चार-पांच मिनिटांतच घालावी. आधीं घातल्यास ती रबरासारखी होते. वाढतांना खोल बशींत रस्सा, मधोमध भाताची मूद, आणि खेकडे फोडावयास जवळ एक अडकित्ता.