चेंडू मरू द्यायचा

दादरच्या आमच्या चाळीतली गॅलरी जेमतेम चार-साडेचार फूट रुंद. एका बाजूला लाकडी कठडा, दुसऱ्या बाजूला बिऱ्हाडांची दारं आणि पायाखाली शहाबादी फरशी. फरश्यांच्या सांध्यावर पडलेला रबरी चेंडू कुठे जाईल, ते कुणालाच सांगता यायचं नाही. माझ्या मामाला मात्र तो सांधा नेमका सापडायचा. मामा डावखुरा फिरकी गोलंदाज. वर्षभर बँकेत नोकरी करायचा आणि पावसाळ्यातले रविवार कांगा लीगच्या सामन्यांना द्यायचा. चेंडूच्या शिवणीनं त्याच्या तर्जनीवर घट्टा पडला होता. लहानपणी तो घट्टा चाचपून बघायला मला फार आवडायचं.

सात-आठ वर्षांची मी हातात फळी घेऊन उभी राहायचे. मामा चेंडूला उंची द्यायचा, मी सगळा जीव मुठीत आणून फळी फिरवायचे, आणि कड लागून उडालेला चेंडू मामा दोन पावलं पुढे येऊन अलगद झेलायचा. एकदा रडकुंडीला आले तेव्हा त्यानं माझी मूठ धरून सैल केली. म्हणाला, "एवढी घट्ट नको धरूस गं. हा चेंडू मारायचा नाही, मरू द्यायचा."

मारणं आणि मरणं यांत एका कान्याचं अंतर. ते कापायला मला बरीच वर्षं लागली.

वेगवान गोलंदाजीपुढे लागणारं धैर्य सगळ्यांना दिसतं. ताशी 140 किलोमीटर वेगानं आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो; छातीवर, बोटांवर, हेल्मेटवर आदळतो. फिरकीपुढे अंगाला फारसा धोका नसतो. चेंडू सावकाश येतो, फलंदाजाला विचार करायला अवधी मिळतो, आणि नेमका तो अवधीच त्याच्या मुळावर येतो. पुढे जाऊ की मागे? वळेल की सरळ जाईल? मामा सांगायचा, फिरकी खेळायच्या जागा दोनच. एकतर टप्प्यापर्यंत पोचायचं, नाहीतर पार मागे जाऊन वळण बघून खेळायचं. मधे अडकला तो गेला. आणि मधे अडकवते ती शंका. एक चेंडू हातभर वळला, की पुढचा सरळ आलेला जास्त घातक ठरतो, कारण फलंदाज अजून मागच्याच चेंडूला खेळत असतो.

अशा वेळी माणसाची मूठ आपोआप आवळते. सिली पॉइंट आणि फॉरवर्ड शॉर्ट लेगचे क्षेत्ररक्षक त्याचीच वाट बघत बसलेले असतात. आवळलेल्या हातांतल्या बॅटवरून चेंडू उडतो आणि त्यांच्या ओंजळीत जातो. खालचा हात सैल असेल तर तोच चेंडू बॅटला टेकतो आणि पायाशी मरून पडतो. "समोरच्याची बोटं पांढरी पडलेली दिसली, की मी चेंडू आणखी वर द्यायचो," मामा सांगायचा. भीती कशी दिसते हे मला एका गोलंदाजानं शिकवलं, याचं मोल मला आज कळतं.

मुंबईत 'खडूस' हा शब्द फलंदाजाला कौतुकानं चिकटतो. विकेट फेकायची नाही, समोरच्याला दमवायचं, वाट बघायला लावायचं. त्या खडूसपणाची शाळा म्हणजे कांगा लीग. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा. ओलसर खेळपट्टी, गुडघाभर गवत, चेंडू थांबून येणार, उसळणार. तिथे पन्नास धावा काढल्या म्हणजे माणूस महिनाभर ताठ मानेनं चालायचा. मामाचं दैवत होतं शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मुंबईचे फलंदाज फिरकी इतकी छान का खेळायचे, याचं एक उत्तर मला इथे सापडतं. आठवड्याच्या आठवड्याला, रणजीच्या सरावापासून क्लबच्या सामन्यापर्यंत, त्यांच्या समोर अशी माणसं गोलंदाजी करत होती.

मग आला मार्च 1987. बंगळूरची कसोटी, समोर पाकिस्तान. आपल्या मनिंदर सिंगनं 27 धावांत 7 बळी घेऊन त्यांना पहिल्या डावात 116 धावांत गुंडाळलं होतं, तेव्हाच ती खेळपट्टी काय आहे ते कळून चुकलं होतं. चौथ्या डावात आपल्याला 221 हवे होते. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद दोन्ही टोकांनी गोलंदाजी करत होते. कुठला चेंडू उसळत होता, कुठला हातभर वळत होता. शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर अख्खी चाळ बसली होती. मामा माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "चेंडूकडे नको बघू, हातांकडे बघ."

मी सुनील गावस्करांच्या हातांकडे बघत राहिले. चेंडू त्यांच्या बॅटपाशी येऊन जणू झोपी जात होता. चेंडू चुकला तर चेहरा तसाच. पुन्हा गार्ड, पुन्हा वाकणं. पाच तासांहून जास्त वेळ तो माणूस एकही चेंडू मागच्या चेंडूचं भूत खांद्यावर घेऊन खेळला नाही. दुसऱ्या कुणालाही तिशी गाठता आली नाही. 96 वर कासिमचा एक चेंडू उसळला आणि झेल गेला. आपण 16 धावांनी हरलो. तो त्यांचा शेवटचा कसोटी डाव. मी चौदा वर्षांची होते आणि हरल्यावरही कुणी उठत का नाही, हे मला तेव्हा उमगलं नाही.

पुढे सचिन तेंडुलकरनं मला याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. 1998 साली ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न येणार म्हणून त्यानं चेन्नईत लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला लेग स्टंपबाहेरच्या उखडलेल्या जागेत गोलंदाजी करायला लावली आणि तेवढाच सराव पुन्हा पुन्हा केला. तरी चेन्नईच्या कसोटीत पहिल्या डावात वॉर्ननं त्याला 4 वर बाद केलं. दुसऱ्या डावात त्याच खरबरीत जागेत पडलेले चेंडू त्यानं मिडविकेटकडे भिरकावले, नाबाद 155. मला वाटतं, सामना तिथे वळला नाही. तो वळला 4 आणि 155 यांच्या मधल्या काळात, जेव्हा एक अपयश मिळूनही त्यानं आपली तयारी खोटी मानली नाही.

वर्षभरानं, जानेवारी 1999 मध्ये, पुन्हा चेन्नई, पुन्हा पाकिस्तान. जिंकायला 271. पाठीत कळा येत असताना सकलैन मुश्ताकला खेळत त्यानं 136 केल्या. तो बाद झाला तेव्हा 17 धावा उरल्या होत्या. शेवटच्या तीन बळींत मिळून 4 धावांची भर पडली. 12 धावांनी हार. आणि चेपॉक मैदानावरच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. बंगळूरनंतर आमची चाळ का उठली नव्हती, ते त्या टाळ्यांनी मला सांगितलं. कणखरपणा सामना जिंकून देईलच असं नसतं. पण ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यात तो थोडा उतरतो.

हे मला पुढे आईच्या आजारपणात कळलं. ताप उतरत नव्हता आणि निदान होत नव्हतं. दर आठवड्याला नवा रिपोर्ट. एक धीर देणारा, पुढचा घाबरवणारा. मी प्रत्येक रिपोर्ट आदल्या रिपोर्टच्या भीतीनं उघडायचे. एका दुपारी रुग्णालयाच्या बाकावर मामा शेजारी येऊन बसला. काही बोलला नाही. माझी आवळलेली मूठ त्यानं हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं. नखांच्या खुणा तळव्यावर उमटल्या होत्या. त्याच्या तर्जनीचा घट्टा माझ्या हाताला लागला आणि मला गॅलरी आठवली. तो दिवस मी त्या दिवसापुरताच काढला. आई पुढे बरी झाली. पण ती बरी झाली नसती तरी ती दुपार मी तशीच काढली असती, एवढं मला त्या बाकावर मिळालं.

काळ बदलला, तशी फिरकी खेळण्याची रीतही बदलली. पूर्वी पुढचा पाय लांब टाकून पॅडनं चेंडू अडवता यायचा. एवढ्या पुढे आलेल्याला पंच सहसा पायचीत देत नसत. 2008 च्या श्रीलंका दौऱ्यात रिव्ह्यू पद्धतीची चाचणी झाली आणि पुढे ही पद्धत पॅडचा तो आसराच काढून घेत गेली. आता बॅट पॅडच्या पुढे हवी. त्यातून लाल चेंडूचे स्थानिक सामने मोठ्या खेळाडूंच्या वाट्याला कमी येतात, आणि वीस षटकांच्या खेळानं हातांना चेंडूकडे धावून जायची सवय लावली आहे. आजची पोरं भित्री नाहीत. त्यांचे हात सैल व्हायला जो निवांत सराव लागतो, तो त्यांना मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज. धाकट्या भावानं ओवाळणी म्हणून वानखेडेचं तिकीट दिलं होतं. न्यूझीलंडविरुद्धची कसोटी जिंकायला आपल्याला 147 हवे होते. 29 धावांत 5 गेले. ऋषभ पंतनं 64 धावांचा प्रतिहल्ला चढवला, तरी 121 वर सगळं आटोपलं. सामन्यात 11 बळी घेतले एजाज पटेलनं, जो याच मुंबईत जन्मला. मालिकेतले तिन्ही सामने आपण हरलो.

संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन मामाकडे गेले. आता त्याचा हात थरथरतो. त्यानं दिवसभर टीव्ही पाहिला होता. मी विचारलं, "मामा, एवढं काय चुकलं?" तो लगेच बोलला नाही. डब्यातला बेसनाचा लाडू त्यानं उचलला, तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर ठेवावं तसं त्यावर ठेवलं. त्या जुन्या पकडीत थरथर थांबली होती. मग मनगट हलकेच वळवून त्यानं लाडू माझ्याकडे टाकला.

मी ओंजळ पुढे नेली नाही; येऊ दिला. लाडू हातात विसावला. अख्खा.