गोल पत्त्यांचा खेळ

सावंतवाडीला गेलेला माणूस चितार आळीतून लाकडी आंबे, केळी, भोपळे घेऊन येतो. (आमच्याकडच्या दोन पाहुण्यांनी ती केळी सोलायला घेतली होती!) थोडे हौशी लोक राजवाड्यातही जातात आणि गंजिफाचे पत्ते आणतात. मीही आणले. तिथे कारागीर बारीक कुंचल्याने पत्ते रंगवत बसलेले असतात, बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

तर दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. बाबराने १५२७ साली सिंधच्या एका सरदाराला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. म्हणजे खेळ तिकडून आला, पण आपल्या लोकांनी त्यात राम, कृष्ण, नरसिंह आणून बसवले आणि तो आपलाच करून टाकला. पुढे यंत्रावर छापलेले ५२ पत्ते आले. ते स्वस्त, खिशात मावणारे. हाताने रंगवलेल्या १२० पत्त्यांचा त्यांच्यापुढे काय निभाव लागणार? सावंतवाडीत तर ही कला अगदी मोजक्या वृद्ध चिताऱ्यांपुरती उरली होती. १९७० च्या सुमारास शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच जागा दिली, तरुण हात तयार केले, म्हणून आज आपल्याला हे पत्ते बघायला तरी मिळतात. त्यांचे उपकार मोठेच.

पण एक गोष्ट मला सारखी खटकते. माझ्या ओळखीत सात-आठ घरांत तरी हे पत्ते आहेत. कुठे फ्रेममध्ये, कुठे काचेखाली. एका घरात तर चहाच्या कपाखाली! आणि खेळता किती जणांना येतं? एकालाही नाही. आपण पत्ते वाचवले, पण खेळ जाऊ दिला.

आणि खेळ भारी आहे हो! यात हुकमाचा रंग नाही, जोड्या लावणं नाही. ज्याचा पत्ता वरचढ त्याचा हात. पण पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामाची, रात्री बसलात तर कृष्णाची. कुठला पत्ता पडून गेला हे लक्षात ठेवलं नाही तर हातातल्या चव्वीची किंमतच कळत नाही. १२० पत्ते डोक्यात ठेवायचे म्हणजे गंमत नाही. गोल पत्ते हातात नीट पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर उपडे पसरून कालवायचे. नुसतं काचेतून बघून यातलं काय कळणार?

मागच्या गणपतीत मी घरच्यांना खेळायला बसवलं. रंगवलेले पत्ते हाताळायला सगळेच घाबरत होते. तेलकट बोटं, मोदकाचं तूप... आणि ते महाग तरी किती! शेवटी भाच्याने जाड पुठ्ठ्याचे गोल कापून स्केचपेनने मासा, कासव, परशू काढले. त्याचा वराह उंदरासारखा दिसतो म्हणून सगळे हसले. पण पहिल्या संध्याकाळी नियमांवरून भांडणं झाली आणि तिसऱ्या संध्याकाळी माझी शहात्तर वर्षांची मावशी सगळ्यांचे हात घेऊन गेली. "माझ्या आजोबांकडे होत्या अशा गंजिफा," ती म्हणाली, "पण बायकांना कोण बसू देत होतं?"

आता दर रविवारी तिचा फोन येतो, किती वाजता येऊ म्हणून. पुठ्ठ्याच्या कडा उसवायला लागल्या आहेत. भाचा म्हणतो, पुढचा डाव प्लायवूडचा करू.