भुताला वन्स मोअर

भुताचा सिनेमा संगीत नाटकात बसवावा, ही बुद्धी मला 1978 साली हिंगोलीत झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता, आणि आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं दरसाल एक नाटक व्हायचंच.

सिनेमा होता 1949 सालचा 'महल'. ओसाड हवेली, अपरात्र आणि गाणारी एक बाई. वाचकहो, पडद्यावरच्या भुताचे फार लाड असतात. कॅमेरा त्याला हवं तेवढंच दाखवतो. रंगमंचावरच्या भुताला मात्र पेटीवाल्याकडं बघून सूर धरावा लागतो! पुढं 2008 साली पॅरिसला 'द फ्लाय' या भयपटाचा ऑपेरा झाला. सिनेमाच्याच दिग्दर्शकानं, क्रोनेनबर्गनं, तो बसवला, तरी समीक्षकांनी नाकं मुरडली. ते वाचून मला त्या गृहस्थाबद्दल बंधुभाव वाटला.

'महल'मधल्या गाण्यासाठी लताबाई माईकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, असं सांगतात. ती युक्ती मी उचलली. गाणारी दिसूच द्यायची नाही. तिनं कनातीबाहेरून गात रंगमंचाकडं यायचं. पदं मी रचली, चाली पेटीमास्तरांनी दिल्या.

आणि गाणारी घरातच होती. आत्या. कपाळ पुसून माहेरी आल्यापासून बारा वर्षं तिनं पेटीला हात लावला नव्हता. बाबांनी कधी मनाई केली नाही. कधी 'गा' असंही म्हटलं नाही.

"मी लोकांपुढं यायची नाही, अन् माझं नाव कुठं लिहायचं नाही," आत्या म्हणाली.

"अगं, त्या रेकॉर्डवरही गाणारीचं नाव 'कामिनी' असंच होतं. सिनेमातल्या बाईचं!"

प्रयोगाच्या रात्री मिठाच्या पाण्याच्या डिमरनं दिवे मंदावले. अंधारातून सूर सरकत आला. बायकांनी पोरं पोटाशी ओढली. मी विंगेत खूश!

पद संपलं आणि मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

भुताला कुठं वन्स मोअर असतो? मी पडदा पाडायची खूण केली. पण कनातीबाहेर आत्यानं पुन्हा सूर लावला होता, अन् तो भुताचा नव्हता. पहिल्या खेपेला राखून ठेवलेल्या ताना आता मोकळ्या सुटल्या. पोरं मांडीवरून उतरली, म्हातारे माना डोलवू लागले. भीती गेली ती गेलीच. नाटक पार पडलं, म्हणजे आडवं पडलं! पहिल्या रांगेत बाबा तेवढे खाली मान घालून बसलेले.

घरी येईपर्यंत तिघंही गप्प. दाराशी चपला काढताना बाबा म्हणाले,

"माई, पेटीचा भाता फाटलाय ना? उद्या नांदेडला जातोच आहे. काढून ठेव."