परळीचा वैद्यनाथ आणि तेलाची वाटी

परळीस वैद्यनाथाच्या दर्शनास दगडी पायऱ्यांची मोठी चढण आहे. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें हें देवालय. समुद्रमंथनांतले धन्वंतरि व अमृत या लिंगांत गुप्त झाले, अशी स्थलकथा. वर पोंचतांच सोबतच्या वृद्ध मंडळींचे गुडघे कुरकुरूं लागले, आणि आम्हांस वाग्भट आठवला. ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्याध्यायांत त्यानें अभ्यंग नित्य सांगितला आहे, त्यायोगें जरा, श्रम व वात हटतात असें तो म्हणतो. मस्तक, कान व पाय यांस विशेष. कफग्रस्तानें व अजीर्ण झालेल्यानें मात्र टाळावा. आपण तो नरकचतुर्दशीपुरता ठेवला! घरांत नातवंडें असतां आजोबांचे तळपाय कोरडे कां राहावे? या मुलखांत पूर्वीं करडई उदंड होती; परंतु चरकानें वनस्पतिस्नेहांत तीळतेल श्रेष्ठ व करडईचें कनिष्ठ गणिलें आहे, म्हणून वाटींत तेल तिळाचेंच घ्यावें.