हीटरच्या आधी थर्मामीटर

कार्तिक-मार्गशीर्षात आकाश निवळतं, पण सिंदेवाही-नागभीडपासून आरमोरीपर्यंतच्या धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव अजून ओल धरून असतात. वारा पडला की निरीक्षणाला उत्तम रात्र मिळते आणि त्याच रात्री दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. त्यावर हीटरची पट्टी हा पहिला उपाय सुचवला जातो. माझ्या मते तो शेवटचा असावा. दव आणि तापलेला आरसा या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: काचेचं आणि हवेचं तापमान जुळत नाही. काच गार पडली तर दव, गरम राहिली तर प्रतिमा थरथरते.

याचा पुरावा शेतातच मिळतो. पहाटे उघड्या धुऱ्यावरचं गवत भिजलेलं असतं, शेजारच्या मोहाखालचं बरंचसं कोरडं. हवा तीच, ओल तीच. पण उघडं गवत आपली उष्णता थेट आकाशाला देऊन हवेपेक्षाही गार होतं. काचेचंही तसंच. हवा १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण साडेपंधरा अंश. म्हणजे काच अडीच अंशांनी निवली की पुरे. तिला दिसणारं आकाश कमी करणं हा खरा इलाज. सहा इंची दुर्बिणीच्या तोंडाशी काळ्या फोमची नऊ ते बारा इंच लांब गुंडाळी लावली की तो साधतो. न्यूटनी दुर्बिणीचा मुख्य आरसा तळाशी असल्यामुळे नळीच त्याला आडोसा देते. श्मिट-कॅसेग्रेनची पुढची काच मात्र उघडी पडते.

मग दव नसलेल्या उन्हाळ्यातच पाहावं, असं कुणी म्हणेल. पण पारा ४५ वर गेलेल्या दिवशी पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला जाड आरसा लवकर निवत नाही. तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर न्यावा. फुगलेल्या चकतीत आरशावरून उठणारी गरम हवा संथ सरकताना दिसते. ती शमेपर्यंत ग्रहांचे बारकावे दिसत नाहीत. म्हणून दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढावी आणि आरशामागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावावा. हीटर जोरात चालवला, तर हीच गरम हवा आपण थंडीत विजेवर तयार करतो. रुमालाने पुसणं त्याहून वाईट, कारण कोळशाच्या पट्ट्यातली धूळ ओल्या काचेवर घासली की चरे पडतात.

हीटर वर्ज्य नाही. घोडाझरीसारख्या तलावाकाठी मध्यरात्रीनंतर नुसती गुंडाळी पुरेलच असं नाही. तेव्हा काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहील, एवढीच ऊब द्यावी. ती अंदाजाने देता येत नाही, त्यामुळे आधी थर्मामीटर आणि आर्द्रतामापक घ्यावा. पट्टी लागेल की नाही, हे त्यांचे आकडेच सांगतील.