एकाच कोंबडीच्या पावत्या

कापणीच्या सणाची उपासना संपली की आमच्या मंडळीत लिलाव लागतो. अर्पण म्हणून आलेलं सगळं मांडवात येतं: बाजरीची कणसं, तुरीच्या शेंगा, लाल भोपळे, घरच्या शेवया, अंडी. पाय बांधलेल्या कोंबड्या मात्र आधीपासून बाहेरच असतात. प्रवचनात त्यांनी तोंड घालू नये म्हणून. पावत्या फाडायचं काम माझ्याकडे असतं.

अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला ठाणं मांडलं. पुढे मिशनच्या शाळा झाल्या, चर्च झाली. तेव्हा परदेशातून पैसा येई. आमच्या चर्चचे पत्रे गळू लागले तेव्हा मात्र हाताशी होतं ते रविवारचं दानार्पण, बायकांनी रोजच्या स्वयंपाकातून बाजूला काढलेलं मूठभर धान्य आणि हा लिलाव.

पुकारायला निवृत्त गुरुजी. "दोनशे एक वार, दोनशे दोन वार..." बाजारात गिऱ्हाईक भाव पाडतं, इथे चढवतं. त्या वर्षी ऊसतोडीला निघण्याआधी एका बाईनं आपली गावरान कोंबडी सासूच्या हवाली केली होती, सणाला द्या म्हणून. ती पाचशेला गेली. घेणाऱ्यानं पैसे मोजले नि म्हणाला, "मंडळीला परत." पुन्हा बोली. पुण्याला नोकरी करणाऱ्या एकानं व्हिडिओ कॉलवरून 'जय ख्रिस्त' घातला, हजाराला घेतली आणि परत दिली. माझ्या पुस्तकात एकाच कोंबडीच्या पावत्या एकीमागून एक फाटत गेल्या. गुरुजींचा घसा बसला तेव्हा कुठे ती कुणाच्या तरी घरी गेली.

खरी बोली लागली ती नंतर, कमिटीत. पाळकसाहेब म्हणाले, लिलावातून जमलेल्या इमारत निधीचाही दशांश आधी बाजूला काढू. कोयत्यावर गेलेल्यांची पोरं गावात आजीपाशी राहतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी अभ्यासवर्ग आणि एक वेळचं जेवण. पोरं कुठल्याही जातीधर्माची असोत. खजिनदार उसळले, "साहेब, सळईचा भाव कुठे गेलाय बघा. आधी स्लॅब पडू द्या, मग दानधर्म." तरुण संघ त्यांच्या बाजूनं. महिला मंडळातल्या एक मावशी एवढंच म्हणाल्या, "गळक्या पत्र्याची आपल्याला सवय आहे. पोरांची भूक स्लॅबसाठी थांबायची नाही."

ठराव कसाबसा पास झाला. स्लॅब एक उन्हाळा लांबला, पण पडला. प्लास्टर अजून बाकी आहे.

दशांशाचा विषय निघाला की खजिनदार दर वर्षी हरकत घेतात, वाद होतो आणि ठराव पुन्हा होतो. नव्या मंडळींना वाटतं, देवाच्या घरात पैशांवरून भांडणं बरी नव्हेत. मला ती हरकत हवीशी वाटते. पैसा बाहेरून येत होता तोवर तो कुठे जावा हे ठरवणारेही बाहेरचेच होते. आता त्यात आमच्या कोंबड्या आहेत, म्हणून भांडायचा हक्कही आमचा आहे.