पिवळे कार्ड

उष्ण देशांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी ज्या सूचनापुस्तिका निघतात, त्या बहुधा थंड मुलखातल्या माणसांनी थंड मुलखातल्या माणसांसाठी लिहिलेल्या असतात. पाणी उकळून प्यावे, कापून ठेवलेली फळे रस्त्यावर खाऊ नयेत, लांब बाह्यांचे कपडे घालावेत, मच्छरदाणीत निजावे. हे वाचताना आमची करमणूक होते. कारण त्यांच्या हिशेबाने ज्याची धास्ती घ्यावयाची तो मुलूख म्हणजे लखनौतील आमचे विकास नगरच होय. भूगोलाच्या काटेकोर दृष्टीने लखनौ कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस आहे खरे. पण डासांना अक्षांश कळत नाहीत. पावसाळा ओसरला की येथे घराआड एखादा तरी डेंग्यूने अंथरुणाला खिळलेला असतोच.

तेव्हा चैत्रातल्या बाळंतपणासाठी कन्येकडे कंपाल्यास जाण्याचे ठरले, त्या वेळी आम्ही निर्धास्त होतो. बदल्यांच्या नोकरीत आठ गावचे पाणी प्यालेल्या माणसाला युगांडाची भीती ती काय, ही वृत्ती आपल्या अधिकारीवर्गात सार्वत्रिक आहे. डॉक्टरांनी प्रथम तीच खाली उतरविली. लहानपणी हिवताप काढला म्हणून त्याची पुण्याई जन्मभर पुरत नाही; शिवाय तिकडे जो हिवताप मुख्यत्वे आढळतो तो फाल्सिपेरम जातीचा, प्रसंगी मेंदूवर जाणारा. त्याच्या गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करावयाच्या आणि परतल्यावरही, आम्हांस दिलेल्या औषधाच्या बाबतीत, चार आठवडे चालू ठेवावयाच्या. घरी पोहोचलो, आता कशाला, म्हणून मध्येच सोडणारेच बहुधा फसतात. आणि परतल्यानंतर ताप आला तर वैद्याला पहिले वाक्य सांगावयाचे ते ‘आम्ही आफ्रिकेतून आलो आहोत’ हे.

पण खरा पेच पीतज्वराच्या लसीचा निघाला. एका वर्षावरील प्रत्येक प्रवाशाजवळ ही लस घेतल्याचे पिवळे कार्ड असावे, असा युगांडाचा नियम आहे. आणि तिकडून परतताना ते नसेल तर आपले सरकारही प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवते. लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रात, नेमलेल्या दिवशीच जावे लागते. कारण एका कुपीत अनेकांची मात्रा असते आणि कुपी फोडली की ती थोड्या वेळात संपवावी लागते. एकदाच टोचावयाचे, दहा दिवसांनी कार्ड लागू होते, आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालते. मॅक्स थाइलर यांनी 1937 साली सिद्ध केलेल्या वाणाचीच ही लस. त्याबद्दल त्यांना 1951 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आमचे व सौभाग्यवतींचे काम पाच मिनिटांत झाले. अडले ते मातोश्रींचे. त्यांचे वय ऐंशी. परतवंडाचे मुख त्याच्या जन्मघरी पाहावयाचे, एवढीच त्यांची हौस. आणि तीसाठी त्यांनी आयुष्यातले पहिले पारपत्र काढून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, “माताजी, ही जिवंत लस आहे. साठीपुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना क्वचित, लाखांत मोजक्यांना, भारी पडते. पण पडली तर फार भारी पडते.” मातोश्रींनी पदर सारून दंड पुढे केला. त्यावर लहानपणी टोचलेल्या देवीचा रुपयाएवढा वण होता. “ही खूण दाखवली तर नाही का चालणार?” एके काळी देवीच्या लसीच्या दाखल्यावाचून विमानात पाऊल टाकता येत नसे. 1980 साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि तो दाखला नाहीसा झाला. वण तेवढे राहिले. डॉक्टर मनमुराद हसले, पण मान मात्र त्यांनी हलविली नाही.

एका परिचित सद्गृहस्थांनी रस्ता सुचविला. सुई न लावता कार्ड मिळेल, थोडे पैसे पडतील, विमानतळावर कोण दंड तपासतो! सूचना आपुलकीची होती, आणि मातोश्रींचा चेहरा पाहिला की मोहही पडे. लस न देण्याविषयी डॉक्टरांचे रीतसर पत्रही मिळू शकले असते. परंतु कार्ड खोटे असो की पत्र खरे, कागदाने डास अडत नाही.

आणि तो डास आपल्याही घरचा आहे. पीतज्वर भारतात कधी पसरला नाही. पण त्याचा वाहक, दिवसा चावणारा ठिपकेदार एडीस, आमच्या कूलरच्या पाण्यात सुखेनैव नांदतो. उणीव आहे ती एका विषाणूची, आणि तो आणावयास एक तापलेला प्रवासी पुरे. ही शंका पोकळ नव्हे. कंपाल्याजवळच्या एंटेबे येथील पीतज्वर संशोधन संस्थेला 1947 साली झिका नावाच्या वनात एक नवा विषाणू सापडला; 2021 साली तो पुरंदर तालुक्यातील बेलसरला आढळला, त्याच वर्षी कानपुरात शंभरावर माणसांना झाला आणि लखनौतही काही रुग्ण निघाले. पूर्व आफ्रिकेत 1952 साली ओळखला गेलेला चिकुनगुन्या 1973 साली बार्शीत येऊन ठेपला होता. एंटेबेचे वन आणि बेलसरची वेस यांच्यातले अंतर आपण नकाशावर समजतो तेवढे नाही. पिवळे कार्ड आम्हांस वाचविते हे खरेच. पण मायदेशी आमच्याकडे ते मागतात, ते आमच्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचविण्यासाठी.

हे सारे आम्ही रात्री मातोश्रींना सांगितले. आमची अपेक्षा रुसव्याची होती. त्यांनी एवढेच विचारले, “आणि बाळाला कधी टोचतात ही?”

नऊ महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत, आम्ही म्हणालो. शिवाय नंतरचे दहा दिवस.

त्या बोटांवर मोजू लागल्या. चैत्रापासून पौषापर्यंत बोटे नीट पुरली. “पौषात येऊ देत तिला इकडे. कूलर तेव्हा माळ्यावर असतो, डासही नसतात फारसे,” त्या म्हणाल्या आणि पारपत्र पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू लागल्या. “नऊ महिने दहा दिवस! अरे, आणखी एक बाळंतपणच की हे. निघेल तेवढी कळ.”